मांसल वनस्पती व परसातील फुले यांची घरगुती मांडणी

परसबागेसंबंधी गावोगावी सभा होतात, तेव्हा वाल, दोडका, शेवगा, कढीपत्ता यांची माहिती सविस्तर दिली जाते. फुलांचा विषय मात्र शेवटच्या दोन मिनिटांत उरकला जातो. फुलांची हौस ही मुबलक पाणी असलेल्या घरची गोष्ट, असा समज त्यामागे असतो. पर्जन्यछायेतील एका गावी प्रस्तुत लेखकाने घराच्या सजावटीसंबंधी बोलण्यास आरंभ केला, तेव्हा ओट्यावर बसलेल्या एका वृद्ध बाईंनी सरळच विचारले, "साहेब, प्यायचं पाणी टँकरनं येतंय, अन् तुम्ही फुलं मांडायला सांगताय व्हय?" सभेत कोणी हसले नाही. प्रश्न योग्य होता, व त्याचे समाधानकारक उत्तर त्या दिवशी लेखकापाशी नव्हते.

पुढे त्याच गावी व आसपासच्या वस्त्यांवर काम करीत असता जे उत्तर हाती आले, ते ह्या पाठात मांडले आहे. थोडक्यात ते असे: घरातील मांडणीचा कायमचा भाग मांसल वनस्पतींचा असावा आणि फुलांनी त्यात पाहुण्यासारखे चार दिवस येऊन जावे. एक लिटरच्या फुलदाणीतील पाणी रोज बदलल्यास आठवड्यास सात लिटर पाणी लागते. खाली वर्णन केलेल्या मांडणीत फुलांसाठी ३० मिलिलिटरच्या तीन बाटल्या पुरतात. म्हणजे दिवसास ९० मिलिलिटर, अर्धे फुलपात्रसुद्धा नव्हे. मांसल रोपांना ऐन उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा फुलपात्रभर पाणी दिले, तरी दोहोंचा आठवड्याचा खर्च एक लिटरच्या आत राहतो. बाटल्यांतून काढलेले पाणीही वाया जात नाही. ते तुळशीला किंवा कढीपत्त्याला घालता येते.

मांसल वनस्पती म्हणजे काय?

ज्या वनस्पती आपल्या पानांत, खोडांत किंवा मुळांत पाणी साठवून ठेवतात, त्यांस मांसल वनस्पती म्हणतात. शेतकऱ्यास त्यांचे उदाहरण शोधावयास दूर जावे लागत नाही. खुरपणीत उपटलेली घोळ बांधावर टाकली, तर इतर तण दुपारपर्यंत सुकते, पण घोळ कित्येक दिवस हिरवी राहते व पावसाची एक सर येताच पुन्हा मूळ धरते. तिचा हा हट्ट शेतात त्रासदायक वाटतो. घरातील मांडणीत मात्र तोच गुण उपयोगी पडतो.

सामान्य वनस्पतींच्या पानांवरील सूक्ष्म रंध्रे दिवसा उघडी असतात व त्यांतून पाण्याची वाफ बाहेर पडत राहते. अनेक मांसल वनस्पती दिवसा ही रंध्रे बंद ठेवतात व रात्रीच्या गारव्यात उघडतात. रात्री आत घेतलेला कर्बवायू त्या आम्लाच्या रूपाने साठवितात आणि दिवसा सूर्यप्रकाशात त्यापासून अन्न तयार करतात. ह्या क्रियेची एक खूण आपल्या देशातच प्रथम नोंदली गेली. दक्षिण हिंदुस्थानात काम करणाऱ्या बेंजामिन हाइन ह्या वनस्पतिशास्त्रज्ञास असे आढळले की, पानफुटीची पाने सकाळी आंबट लागतात व दुपारपर्यंत हा आंबटपणा नाहीसा होतो. त्याचे हे पत्र लंडनच्या लिनियन सोसायटीने १८१५ साली प्रसिद्ध केले. रात्री साठलेले आम्ल दिवसा खर्च होते, हे त्याचे कारण होय. आपण मात्र चव घेऊन पाहण्याची आवश्यकता नाही.

मांडणीसाठी योग्य वनस्पती

विकतची रोपे आणण्यापूर्वी स्वतःच्या व शेजाऱ्यांच्या परसात पाहावे. पुढील वनस्पती बहुधा गावातच मिळतात.

कोरफड: हिच्या बुंध्याशी पिल्ले फुटतात. वीतभर उंचीचे पिल्लू मुळांसह वेगळे करून घ्यावे. पानांची फुलासारखी रचना असल्यामुळे मांडणीत हे मध्यभागी शोभते.

पानफुटी: जाड पानांच्या कडेवरील खाचांतून नवीन रोपे निघतात. हिवाळ्याच्या अखेरीस लोंबत्या घंटांसारखी फुले येतात व ती देठासह पुष्कळ दिवस टिकतात. मात्र ही वनस्पती, विशेषतः तिची फुले, जनावरांस विषारी आहे. छाटलेला भाग गव्हाणीत किंवा शेळ्यांच्या वाटेवर कधीही टाकू नये.

पानओवा: जाड, लवदार व सुवासिक पानांची ही वनस्पती पुष्कळ घरी भज्यांसाठी लावलेली असते. फांदीचा तुकडा सहज रुजतो. शेंडे खुडत राहिल्यास झाड दाट होते, व खुडलेले शेंडे स्वयंपाकात उपयोगी पडतात.

स्नेक प्लांट: रोपवाटिकेत ह्या नावाने मिळणारी, उभ्या व पट्टेदार पानांची वनस्पती. कमी उजेडातही ती तग धरते. पिवळ्या काठाची जात असेल तर तिचे गड्डे विभागून लावावेत. पानाचा तुकडा लावल्यास येणारे रोप साधे हिरवे निघते व पिवळा काठ नाहीसा होतो.

ऑफिसटाईम, म्हणजेच चिनी गुलाब: ही घोळीचीच बहीण. हिची फुले उन्हात उघडतात व सावलीत मिटतात. म्हणून ही घरात न ठेवता ओट्याच्या किंवा पडवीच्या उन्हाच्या कडेस ठेवावी.

टाळावयाच्या वनस्पती

शेर व काटेरी निवडुंग तोडल्यास पांढरा चीक येतो. तो डोळ्यात गेल्यास तीव्र दाह होतो व दृष्टीस इजा पोहोचते. लहान मुले असलेल्या घरात ह्या वनस्पती आणू नयेत. चीक डोळ्यात गेलाच, तर डोळा स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवावा व त्वरित दवाखान्यात जावे. घायपाताची पाने आकर्षक असली तरी त्यांची टोके सुईसारखी असतात व रसाने अंगास खाज सुटते. तो कुंपणासच ठीक. कण्हेर मांसल नाही, परंतु सजावटीत तिची फुले वारंवार वापरली जातात म्हणून सांगावेसे वाटते की, लाल व पिवळी अशा दोन्ही कण्हेरी विषारी आहेत. मुलांच्या हाती लागेल अशा ठिकाणी त्यांची फुले किंवा फळे ठेवू नयेत.

फड्या निवडुंगाची कथा प्रत्येक कार्यकर्त्यास माहीत असावी. ही वनस्पती मूळची अमेरिका खंडातील. तिच्या अनेक जाती भारतात आल्या, आणि प्रत्येक तुटलेला फडा मूळ धरीत असल्यामुळे त्यांनी माळराने व गायराने व्यापली. १७९५ साली किरमिजी रंगासाठी म्हणून एक कीटक ब्राझीलहून आणण्यात आला. तो रंगाचा खरा किडा नव्हता. पण निवडुंगाच्या एका जातीचा त्याने फडशा पाडला. दुसऱ्या जातींवर तो चालला नाही, म्हणून १९२६ साली श्रीलंकेतून आणखी एक कीटक आणावा लागला, आणि त्यानंतर हा उपद्रव आटोक्यात आला. ह्यावरून घ्यावयाचा बोध असा की, सहज रुजणाऱ्या वनस्पतीची छाटणी बांधावर, ओढ्यात किंवा गायरानात फेकू नये. पानफुटीलाही हा नियम लागू आहे. छाटलेले तुकडे उन्हात पूर्ण वाळवून नंतरच खतखड्ड्यात टाकावेत.

रानातून रोपे उपटून आणण्याचा मोहही टाळावा. सह्याद्रीच्या कड्यांवर व पठारांवर वाढणाऱ्या माकडशिंग व कंदीलपुष्प यांच्या कित्येक जाती अन्यत्र कोठेही आढळत नाहीत. साताऱ्याजवळील कास पठाराचा २०१२ साली जागतिक वारसास्थळांत समावेश झाला, तो अशाच वनस्पतिसंपत्तीमुळे. पठारावरील रोप घरातील मातीत बहुधा जगत नाही. घराची शोभा वाढत नाही ती नाहीच, आणि रान मात्र तेवढे उघडे पडते.

काडी तयार करणे

ह्या ठिकाणी लेखकाने स्वतः केलेली चूक सांगणे उपयुक्त ठरेल. पहिले प्रात्यक्षिक ऐन पावसाळ्यात घेतले होते. कोरफड व पानफुटी तेथल्या तेथे कापून ओल्या काळ्या मातीत लावली, वर पाणी घातले आणि रोज थोडे पाणी घालण्यास सांगितले. पंधरा दिवसांनी पाहिले तो सर्व रोपे बुंध्याशी मऊ पडून कुजलेली. टँकरचा प्रश्न विचारणाऱ्या त्या आजीच परळ घेऊन आल्या व म्हणाल्या, "साहेब, ओल्या जखमेला माती लावली की ती चिघळायचीच." वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात हेच अधिक शब्दांत लिहिलेले असते.

मांसल वनस्पतीची काडी पुढीलप्रमाणे तयार करावी:

१. चाकू उकळत्या पाण्यात बुडवून पुसून घ्यावा. शेंड्याकडील भाग दोन ते तीन बोटे खोड ठेवून कापावा व खालची पाने काढून टाकावीत.

२. कापलेले भाग सावलीत, हवा खेळेल अशा ठिकाणी, सुपात किंवा कागदावर पसरून ठेवावेत. पाणी मुळीच लावू नये. चार ते सात दिवसांत कापावर कोरडी खपली धरते. दमट हवेत दोन दिवस अधिक लागतात. पानओव्याचे खोड इतके मांसल नसल्याने त्यास एक दिवस पुरे.

३. खपली धरल्यावर काडी किंचित ओलसर मिश्रणात लावावी. पहिले आठ दिवस पाणी देऊ नये.

४. दोन ते चार आठवड्यांनी काडी हलकेच ओढून पाहावी. ती मातीस धरून असेल तर मुळे फुटली असे समजावे.

खपली धरण्यासाठी ठेवलेल्या काड्या वाया जात नाहीत. पाण्याशिवाय पुष्कळ दिवस त्या हिरव्या राहतात. त्यामुळे सणाच्या दिवशी त्या सुपात फुलांबरोबर नुसत्या मांडता येतात व सण उरकल्यावर मातीत लावता येतात.

भांडे व माती

भांडे उथळ असावे. मातीचे परळ, फुटक्या माठाचा तळ किंवा रुंद तोंडाचे मडके उत्तम. न भाजलेल्या किंवा प्लास्टिकच्या भांड्यापेक्षा भाजलेल्या मातीचे भांडे चांगले, कारण त्याच्या अंगातून ओल बाहेर पडते. तळास छिद्र असणे मात्र अत्यंत आवश्यक आहे. छिद्र पाडताना भांडे रात्रभर पाण्यात भिजवावे, पालथे घालून खिळ्याचे टोक त्यावर टेकवावे व हलक्या हाताने फिरवीत राहावे. जोराने ठोकल्यास भांडे तडकते.

कीटकनाशकाची किंवा तणनाशकाची रिकामी बाटली अथवा डबा, कितीही धुतलेला असो, रोपासाठी, फुलांसाठी किंवा घरातील अन्य कोणत्याही कामासाठी वापरू नये. असे डबे तीन वेळा विसळून, विसळलेले पाणी फवारणीच्या द्रावणातच मिसळावे आणि डबे भोके पाडून निकामी करावेत. घरात शोभेसाठी ठेवलेल्या बाटलीतून उद्या मूल पाणी पिईल, हे लक्षात असू द्यावे.

काळी माती एकटी कधीही वापरू नये. ती पाणी धरून ठेवते, फुगते आणि सुकल्यावर भेगाळून कोवळी मुळे तोडते. दोन भाग जाड वाळू, एक भाग पोयट्याची माती व एक भाग पूर्ण कुजलेले, चाळलेले शेणखत असे मिश्रण करावे. वाळू न मिळाल्यास विटांचा चुरा बारीक धूळ चाळून टाकून घ्यावा. तळाशी खड्यांचा जाड थर देण्याची पद्धत प्रचारात आहे. पण त्याने निचरा सुधारत नाही. पाणी खड्यांच्या वर, मुळांच्याच जागी अडून राहते. छिद्रावर खापराचा एक तुकडा पालथा ठेवणे एवढेच पुरेसे होते.

मांडणीची कृती

मांसल रोपांस कोरडी माती हवी व खुडलेल्या फुलांस पाणी हवे. दोहोंची गरज परस्परविरुद्ध आहे. ओल्या मातीत फुलांचे देठ खोचले तर फुले दुसऱ्या दिवशी माना टाकतात आणि रोपे पंधरा दिवसांत कुजतात. म्हणून मातीत लहान काचेच्या बाटल्या गळ्यापर्यंत पुरून ठेवाव्यात. औषधाच्या गोळ्यांच्या किंवा अत्तराच्या लहान बाटल्या ह्या कामी येतात. पाणी बाटलीत राहते, माती कोरडी राहते, आणि फुले बदलताना रोपांच्या मुळांस धक्का लागत नाही.

प्रथम भांडे कोठे ठेवावयाचे ते ठरवावे. मांडणीची पुस्तके बहुधा खुर्चीवर बसून पाहणाऱ्याच्या दृष्टीने लिहिलेली असतात. आपल्याकडे माणसे सतरंजीवर किंवा ओट्यावर बसतात, म्हणून दृष्टी खालून जाते. भांडे कोनाड्यात किंवा उंच फळीवर असेल तर पुढच्या कडेवरून खाली झुकणारे रोप हवे. जमिनीवर किंवा पाटावर असेल तर वरून दिसणारी कोरफडीची रचना अधिक खुलते. मांडणी करणाराने एकदा पाहुण्याच्या जागी बसून पाहावे.

मिश्रण भरल्यावर सर्वांत उंच रोप मध्याच्या किंचित एका बाजूस व मागे लावावे. त्याची उंची भांड्याच्या रुंदीच्या सुमारे दीडपट असावी. त्याच्या पायथ्याशी मध्यम उंचीची दोन रोपे व कडेस पसरणारे एक रोप लावावे. रोपांमध्ये चार बोटे जागा मोकळी ठेवावी. प्रारंभी ती रिकामी वाटते. परंतु तीच जागा वाढीसाठी व फुलांसाठी लागते. तीन बाटल्या एका ओळीत न पुरता त्रिकोणात पुराव्यात. वर नदीतील गोटे किंवा जाड वाळू पसरावी, म्हणजे बाटल्यांची तोंडे झाकली जातात व पाने मातीपासून कोरडी राहतात.

फुलांचा रंग एका वेळी एकच प्रमुख असावा. कोरफडीच्या राखट हिरव्या रंगावर झेंडूचा केशरी किंवा अबोलीचा रंग उठून दिसतो. पाच रंग एकत्र आणल्यास एकही दिसत नाही. तीन ते पाच फुले पुष्कळ झाली.

फुले केव्हा व कशी काढावीत?

फुले सकाळी ऊन चढण्यापूर्वी काढावीत. दुपारी काढलेल्या फुलांच्या देठात पाणी कमी असते. धारदार चाकूने तिरकस काप घ्यावा. हाताने ओढून देठ चिरडू नये. काढलेली फुले दोन तास सावलीत बादलीभर पाण्यात देठ बुडवून ठेवावीत व नंतर मांडावीत. बाटलीत बुडणारी सर्व पाने काढून टाकावीत, कारण ती कुजून पाण्यास दुर्गंधी येते व देठाची तोंडे बंद होतात. झेंडूच्या बाबतीत ही काळजी विशेष घ्यावी.

कोणते फूल किती उमललेले असावे ह्याचे नियम भिन्न आहेत. झेंडू, शेवंती, झिनिया, ॲस्टर व गॅलार्डिया ही पूर्ण उमलल्यावर काढावीत. गुलछडीच्या दांडीवरील खालची दोनतीन फुले उमलली की दांडी काढावी. वरच्या कळ्या क्रमाने उमलतात व खालची सुकलेली फुले रोज खुडता येतात. गुलाबाच्या बाहेरच्या पाकळ्या सैल होऊ लागताच तो घ्यावा. जास्वंदीचे फूल पाण्यात ठेवले काय व न ठेवले काय, बहुधा एक दिवसच टिकते. म्हणून ते बाटलीत न ठेवता गोट्यांवर नुसते ठेवावे व बाटलीचे पाणी वाचवावे.

रोज पाणी बदलताना देठाचा नखभर भाग पुन्हा कापावा. पाण्यात नुसती साखर घालण्याचा उपाय करू नये. तिने फुलांपेक्षा जंतूंचेच पोषण अधिक होते. आणखी एक गोष्ट शेतकऱ्याच्या घरी हमखास घडते. घरात आंब्याची अढी घातलेली असते किंवा केळीचा घड पिकत असतो. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू बाहेर पडतो व त्यामुळे फुले लवकर कोमेजतात. फुलांची मांडणी त्या खोलीत ठेवू नये.

हंगामानुसार निवड

पावसाळा: तेरडा, झिनिया, गुलछडी. शेतातील कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे हे तर फुकटचे धन आहे. बी धरण्यापूर्वी ते कापून उलटे टांगून वाळविल्यास महिनोन्महिने टिकतात, आणि तेवढेच तणाचे बी शेतात पडावयाचे राहते. गौरी-गणपतीच्या दिवसांत ही मांडणी विशेष शोभते.

हिवाळा: झेंडू, शेवंती, ॲस्टर व पुढे पानफुटीची फुले. दसरा-दिवाळीस तोडलेल्या झेंडूपैकी आखूड देठाची फुले तोरणास व लांब देठाची मांडणीस ठेवावीत.

उन्हाळा: परसात फूल मिळणे कठीण होते. गॅलार्डिया व मोगरा थोड्या पाण्यावर येतात. न मिळाल्यास करडईची वाळलेली बोंडे व ज्वारी-बाजरीची दोन कणसे बाटल्यांत कोरडीच ठेवावीत. टंचाईच्या महिन्यांत ही मांडणी फुलांच्या पाण्याशिवाय उभी राहते, आणि शेतकऱ्याच्या घरात स्वतःच्या शेतातील कणीस शोभेस असणे ह्याहून अधिक योग्य काय?

निगा

मांसल रोपे तहानेपेक्षा अतिपाण्याने अधिक मरतात. पाणी देण्यापूर्वी बारीक काडी मातीत तळापर्यंत घालून काढावी. तिला माती चिकटली तर पाणी देऊ नये. हिवाळ्यात सुमारे पंधरा दिवसांनी व उन्हाळ्यात आठवड्याने पाणी द्यावे; पावसाळ्यात भांडे वळचणीखाली घ्यावे. रोप स्वतःच आपली स्थिती सांगते. पानांस सुरकुत्या पडल्या तर ते तहानलेले आहे; पाने पिवळी, मऊ व काचेसारखी दिसू लागली तर पाणी अधिक झाले आहे. पहिल्या स्थितीतून रोप दोन दिवसांत सावरते, दुसऱ्या स्थितीतून क्वचितच.

अंधाऱ्या माजघरात रोपे उंच व फिकट होतात. दोन भांडी तयार करून एक घरात व एक पडवीच्या उजेडात ठेवावे व दर आठवड्यास अदलाबदल करावी. पानांच्या बेचक्यांत कापसासारखे पांढरे दिसल्यास तो पिठ्या ढेकूण समजावा. द्राक्ष व सीताफळ बागायतदारांस तो परिचित आहे. साबणाच्या पाण्यात भिजविलेल्या चिंधीने तो पुसून काढावा. शेतावरील कीटकनाशक घरातील रोपांवर फवारू नये.

डासांसंबंधी सावधगिरी

डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो, आणि फुलदाणी व कुंडीखालची ताटली ही त्याची आवडती ठिकाणे होत. अनुकूल हवेत अंड्यापासून डास होण्यास आठ ते दहा दिवस लागतात. मादी पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, भांड्याच्या कडेस अंडी चिकटविते, व ती अंडी पाणी ओतून दिल्यावरही कोरड्या स्थितीत कित्येक महिने जगू शकतात. म्हणून नुसते पाणी बदलणे पुरेसे नाही. आठवड्यातून एक दिवस ठरवून सर्व बाटल्या बाहेर काढाव्यात, आतून काथ्याने किंवा जुन्या दातघाशीने घासाव्यात व उन्हात वाळवाव्यात. भांड्याखाली ताटली ठेवू नये. ठेवल्यास ती वाळूने भरावी. बाटली लहान व पाणी थोडे असल्याने हे काम पाच मिनिटांचे आहे. जे घर हे पाच मिनिटांचे काम करणार नाही, त्याने कोरडी कणसेच ठेवावीत.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

प्रात्यक्षिक दोन बैठकींत घ्यावे. पहिल्या बैठकीत फक्त काड्या कापून वाळत ठेवाव्यात व मातीचे मिश्रण तयार करावे. दुसरी बैठक आठवड्यानंतर घेऊन लागवड व फुलांची मांडणी करावी. एकाच बैठकीत सर्व उरकण्याची घाई केल्यास लेखकाच्या पहिल्या प्रात्यक्षिकाची गत होते. साहित्य गावातलेच वापरावे. शहरातून आणलेली कुंडी पाहून बायका कौतुक करतात, पण अनुकरण करीत नाहीत. रोपे विकण्याचा विचार कोणाच्या मनात आल्यास त्यास प्रथम दहा भांडी घरच्या घरी एक पावसाळा व एक उन्हाळा जगवून दाखविण्यास सांगावे.

दुसरे प्रात्यक्षिक त्याच ओट्यावर झाले. त्या वेळी आजींनी फुलांचे पाणी स्वतः फुलपात्राने मोजून घातले, उरलेले तुळशीला घातले व मगच मान्यता दिली. पुढील उन्हाळ्यात त्यांच्या कोनाड्यातील परळात कोरफड, पानओवा व बाजरीचे एक कणीस होते. फूल एकही नव्हते, कारण त्या महिन्यात पाणी नव्हते. पण मांडणी जिवंत होती. पाहुण्यांची वाट पाहत घर नीटनेटके असावे, तशी ती दिसत होती. आषाढात तेरडा फुलल्यावर त्यांनी बाटल्या पुन्हा घासून भरल्या.

उजळणीसाठी प्रश्न

१. मांसल वनस्पतीची ताजी कापलेली काडी लगेच मातीत का लावू नये?

२. फुलांच्या बाटल्या मातीत पुरल्याने रोपांस व फुलांस प्रत्येकी कोणता लाभ होतो?

३. फुलदाणीतील पाणी बदलूनही डासांची पैदास का थांबत नाही? त्यावर उपाय कोणता?

४. आपल्या गावात मांडणीस योग्य अशा कोणत्या मांसल वनस्पती आहेत व कोणत्या टाळल्या पाहिजेत, ह्याची यादी करा.

५. आपल्या घरी फुलांसाठी आठवड्यास किती पाणी खर्च होते ते मोजा, व ते कोठे पुन्हा वापरता येईल ते लिहा.